1910 चा बिटररूट वणवा आणि सकाळी दहाचा नियम

प्रश्न असा आहे: "अमेरिकेत 1910 साली लागलेल्या मोठ्या वणव्यानंतर तिथल्या वन खात्याने प्रत्येक आग विझवायचं धोरण धरलं आणि त्याचाच परिणाम म्हणून आज तिकडची जंगलं एवढी पेटतात, असं आम्हाला वनशास्त्राच्या वर्गात सांगितलं. हे कितपत खरं? आणि आपल्या सागाच्या जंगलात काम करणाऱ्याने यातून काय घ्यायचं?"

अर्धं खरं आहे. धोरण त्या आगीच्या राखेतून निघालं, यात शंका नाही. पण "तेव्हा विझवलं म्हणून आता पेटतंय" हे वाक्य ज्या जंगलात ती आग लागली, त्या जंगलाला फारसं लागू पडत नाही. हा फरक वर्गात बहुतेक सुटतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझी नोकरी विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात वणव्यांच्या मागे गेली. तरी परदेशातल्या आगींमध्ये सगळ्यात जास्त वाचन मी या एका आगीवर केलं, कारण मेलेल्या मजुरांच्या पाठोपाठ कायदे आणि नियम कसे तयार होतात, हे तिथे अगदी उघडपणे पाहायला मिळतं.

आधी जागा समजून घ्या. उत्तर आयडाहो आणि पश्चिम मोंटाना यांच्या सीमेवर बिटररूट पर्वतरांग आहे. उभे चढ, अरुंद दऱ्या, सेंट जो आणि क्लिअरवॉटर या नद्यांचं पाणलोट. पश्चिमेच्या उतारावर पाऊस आणि बर्फ भरपूर, म्हणून पांढरा पाइन, सीडर, हेमलॉक अशी उंच, दाट, ओलसर झाडी. एरवी हे जंगल पेटवू म्हटलं तरी पेटत नाही. 1910 साली मात्र डोंगरावरचा बर्फ लवकर वितळला, वसंतातला पाऊस जवळपास आलाच नाही आणि एप्रिलअखेरीसच पहिल्या आगी दिसल्या. जंगलातून नुकताच मिलवॉकी कंपनीचा रेल्वेमार्ग गेला होता. कोळशाच्या इंजिनाच्या ठिणग्या दोन्ही बाजूंच्या कापलेल्या लाकडात पडायच्या. खाणी शोधणारे, जमीन साफ करणारे वसाहती, लाकूडतोडे, सगळ्यांच्या छोट्या छोट्या आगी चालूच होत्या. त्यात 26 जुलैच्या रात्री पावसाशिवाय विजांचं वादळ झालं आणि डोंगरमाथ्यांवर एकाच रात्रीत ढीगभर नव्या आगी लागल्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्या मुलखात हजाराहून अधिक आगी जळत होत्या. काही अंदाज तीन हजारांपर्यंत जातात.

समोर उभं असलेलं खातं जेमतेम पाच वर्षांचं होतं. फॉरेस्ट सर्व्हिस 1905 साली स्थापन झाली, तिचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंचो. त्याला राष्ट्राध्यक्ष टॅफ्टने जानेवारी 1910 मध्येच काढून टाकलं होतं. संसदेतले बरेच पश्चिमेकडचे सदस्य खात्याच्या मुळावर उठले होते. आयडाहोचा सिनेटर वेल्डन हेबर्न त्यात सर्वांत कडवा, आणि तो राहायचा वॅलेस या खाणगावात, म्हणजे पुढे जे गाव जळालं त्याच गावात. रेंजर थोडे, क्षेत्र अफाट, रस्ते नाहीत, पायवाटाही तुरळक. मग स्पोकेन, ब्यूट, मिझुला अशा शहरांतून मिळतील ती माणसं आणली गेली. बेकार खाणकामगार, भटके मजूर, युरोपातून नुकतेच उतरलेले, इंग्रजी न समजणारे लोक. ताशी 25 सेंट मजुरी. हातात कुऱ्हाड, फावडं, करवत. बहुतेकांनी त्याआधी वणवा पाहिलेला नव्हता. ऑगस्टमध्ये टॅफ्टने लष्कर पाठवायला मंजुरी दिली. आलेल्या तुकड्यांमध्ये 25 वी इन्फंट्री, म्हणजे कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण होती. या सैनिकांनी एव्हरी गावातल्या बायकामुलांना रेल्वेने बाहेर काढलं. ते गाव शेवटी वाचलं ते समोरून काउंटर फायर, म्हणजे वणव्याच्या वाटेवरचं जळण आधीच जाळून टाकणारी उलटी आग, लावल्यामुळे.

19 ऑगस्टपर्यंत बऱ्याच ठिकाणी आग आटोक्यात आल्यासारखी वाटत होती. वणव्याचं काम केलेल्या माणसाला या वाटण्याची भीती ठाऊक असते. आग अडवायला मोकळ्या पट्ट्याची रेषा काढलेली असते, ज्वाळा खाली बसलेल्या असतात, माणसं थकून बसतात आणि वारा अजून यायचा असतो. 20 ऑगस्टला, शनिवारी दुपारनंतर, पॅलूसच्या गवताळ पठारावरून नैऋत्येचा वारा सुटला. थंड हवेची आघाडी पुढे सरकत होती आणि वाऱ्याचा जोर वादळाचा होता. दऱ्यांमध्ये तो आणखी कोंडला आणि वेगाने वर चढला. हजारो धुमसत्या आगींना एकदम हवा मिळाली. जमिनीवरची आग शेंड्यांवर चढली, शेंड्यांवरून पेटते तुकडे पुढच्या डोंगरावर पडू लागले आणि वेगवेगळ्या आगी मिळून एक झाल्या. दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल गेलं. म्हणजे साधारण 12,000 चौरस किलोमीटर, आपला अमरावती जिल्हा जवळपास अख्खा. धूर न्यू इंग्लंडपर्यंत पोचला.

मेलेल्यांचा आकडा निदान 85 आहे आणि त्यातले बहुसंख्य आग विझवायला आणलेले मजूर. एव्हरीजवळच्या सेट्झर क्रीकवर एकाच टोळीतले 28 जण गेले. त्यांच्यातल्या कित्येकांची नावंही खात्याकडे धड नव्हती. हजेरीपटावर जे लिहिलं तेच नाव. वॅलेसचा एक तृतीयांश भाग जळाला. टॅफ्ट, डी बोर्जिया, हॉगन, ग्रँड फोर्क्स अशी छोटी गावं जळून खाक झाली. सेंट जोच्या उगमाकडे जो हाम नावाचा तरुण रेंजर आपल्या टोळीसह बेपत्ता होता. तो मेला असं धरून शोधपथकं निघाली, पण नदीपात्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर आणि पाण्यात उभं राहून त्याने सगळ्या माणसांना वाचवलं होतं.

एड पुलास्कीची हकीकत मात्र नीट सांगायला हवी. वॅलेसचा हा रेंजर पिंचोच्या पदवीधर पोरांसारखा शिकलेला नव्हता. खाणीत, लोहारकामात, डोंगरात आयुष्य काढलेला चाळिशीतला माणूस. 20 तारखेला त्याच्याभोवती 45 माणसं होती आणि वॅलेसकडे उतरायची वाट आगीने कापली होती. प्लेसर क्रीकच्या दरीत जुन्या खाणी कुठे आहेत हे त्याला माहीत होतं. त्याने सगळ्यांना धुरातून एका बोगद्यात नेलं, सोबत दोन घोडे. सगळ्यांना पालथं झोपायला लावलं, तोंड जमिनीला, कारण उरलीसुरली बरी हवा खालीच असते. बोगद्याच्या तोंडाशी लाकडाचे टेकू होते. ते पेट घ्यायला लागले तसं पुलास्कीने तिथे ब्लँकेटं लावली, आतून झिरपणाऱ्या पाण्यात टोपी बुडवून बुडवून ती भिजवत राहिला. ब्लँकेटं जळायची, तो नवी लावायचा. घाबरून एक जण बाहेर पळू लागला तेव्हा पिस्तूल काढून त्याने सांगितलं, जो बाहेर जाईल त्याला गोळी घालीन. मग एकेक करून सगळे बेशुद्ध पडले, शेवटी तोही.

पहाटे जे शुद्धीवर आले ते रांगत बाहेर पडले. तोंडाशी पडलेला पुलास्की मेला असं त्यांना वाटलं, पण तो जिवंत होता. ओढ्याचं पाणी प्यायला गेले तर ते राखेने भरलेलं आणि कोमट. आत पाच माणसं आणि दोन्ही घोडे मेले होते. बुटांचे तळवे जळलेले, अंगावर चिंध्या, अशा अवस्थेत ते पडलेल्या पेटत्या ओंडक्यांवरून वॅलेसला चालत आले. पुलास्की जवळपास दोन महिने दवाखान्यात होता. डोळे आणि फुफ्फुसं कायमची अधू झाली.

पुढचं वाचताना माझा जीव तुटतो. जखमी मजुरांच्या औषधपाण्यासाठी खात्याकडे तरतूद नव्हती. अधिकाऱ्यांनी आपसात वर्गणी काढली. पुलास्कीला स्वतःच्या डोळ्यांच्या इलाजाचा खर्चही नीट मिळाला नाही. मेलेल्यांच्या थडग्यांसाठी सरकारने काही करावं म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला आणि मधल्या काळात ती थडगी तोच राखत होता. याच माणसाने भट्टीवर एक अवजार घडवून रूढ केलं. दांडा एकच, पात्याच्या एका बाजूला कुऱ्हाडीची धार, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं रुंद पातं. एका बाजूने मूळ तोडायचं, लगेच फिरवून दुसऱ्या बाजूने पालापाचोळा खालची माती लागेपर्यंत खरडायचा. उतारावर दोन अवजारं वाहण्याचा त्रास वाचतो आणि रेषा लवकर पुढे जाते. आज तिकडे या अवजाराला "पुलास्की" म्हणतात. ज्याने हाताने जाळरेषा काढली आहे त्याला यातली अक्कल लगेच कळेल.

23 ऑगस्टच्या रात्री डोंगरात हलका पाऊस आणि बर्फ पडला, महिनाअखेरीस सर्वदूर पाऊस झाला आणि आग थांबली. माणसांनी ती विझवली नव्हती. हा तपशील लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करूनच झाली.

मिझुलाच्या विभागीय कार्यालयात त्या उन्हाळ्यात विल्यम ग्रीली प्रमुख होता आणि फर्डिनंड सिल्कॉक्स त्याचा सहायक. माणसं, खेचरं, रसद पाठवायचं काम सिल्कॉक्सकडे. शेजारच्या लोलो जंगलाचा पर्यवेक्षक एलर्स कॉख, तोही त्याच धुरात होता. ग्रीली पुढे 1920 ते 1928 खात्याचा प्रमुख झाला, सिल्कॉक्स 1933 पासून. या दोघांच्या मनात बसलं ते असं, की माणसं जास्त असती, वाटा असत्या, टेहळणी असती, तर ही आग लहान असतानाच मारता आली असती. त्यात तथ्य होतं. 26 जुलैच्या विजांच्या आगी पहिल्या दिवशीच कुणी गाठल्या असत्या तर 20 ऑगस्टच्या वाऱ्याला पेटवायला इतकं मिळालं नसतं.

राजकारणही फिरलं. खातं मोडीत काढू पाहणाऱ्यांना मेलेल्या मजुरांसमोर तसं बोलणं अवघड झालं. न्यू इंग्लंड आणि अॅपलेशियन भागासाठी जंगल विकत घेण्याचा कायदा कित्येक वर्षं रखडला होता. तो 1 मार्च 1911 रोजी 'वीक्स कायदा' म्हणून लागू झाला. त्याच कायद्याने राज्यांना आगीच्या बंदोबस्तासाठी केंद्राचा पैसा मिळू लागला. 1924 च्या क्लार्क-मॅकनेरी कायद्याने तो ओघ वाढवला.

पैशाची आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. 1908 पासूनच खात्याला मुभा होती की आग लागली तर तिजोरीत नसलेला पैसाही खर्च करा, मंजुरी नंतर घेऊ. 1910 ला अशी 11 लाख डॉलरची उधारी झाली आणि संसदेने ती फेडली. म्हणजे विझवायला हात सैल, पण आधीच पाचोळा जाळायला, वाटा राखायला, जंगल विरळ करायला मात्र दरवर्षी हात पसरायचा. कुठलंही खातं अशा व्यवस्थेत कुठे वळेल हे सांगायला नको. मला विचाराल तर पुढच्या सत्तर वर्षांच्या धोरणामागे 20 ऑगस्टच्या वाऱ्याइतकाच या हिशेबाच्या पद्धतीचा हात आहे.

1933 नंतर बेकार तरुणांच्या सरकारी छावण्यांमुळे हातांना तोटा राहिला नाही. रस्ते झाले, टेहळणीचे मनोरे झाले. 1934 साली आयडाहोच्या सेलवे भागात पुन्हा प्रचंड आगी लागल्या आणि एवढी सगळी सोय असूनही त्या आवरल्या नाहीत. त्यानंतर 1935 मध्ये सिल्कॉक्सने नियम काढला, की कुठेही आग कळली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती ताब्यात आली पाहिजे. नाही आली, तर त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी दहाच्या आत. जंगल कुठलं, उंची किती, लाकडाची किंमत किती, काही विचारायचं नाही.

आणि त्याच वर्षी एलर्स कॉखने वनाधिकाऱ्यांच्या नियतकालिकात बरोबर उलटं लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. बिटररूटच्या आतल्या दुर्गम मुलखात पंचवीस वर्षं आम्ही पैसा ओतला. कोरडं वर्ष आलं की आग आम्हाला जुमानत नाही, ओल्या वर्षी ती आपोआप विझते. मग त्या मुलखात रस्ते कशाला खोदायचे? ते रानच राहू द्या. ज्याने 1910 ला स्वतः माणसं आगीवर पाठवली होती तो हे लिहीत होता. त्याचं कुणी ऐकलं नाही. 1940 पासून विमानातून उड्या मारणारे अग्निशामक आले, 1944 पासून वणवे टाळा सांगणाऱ्या स्मोकी अस्वलाची जाहिरात, 1949 ला मोंटानातल्या मान गल्चच्या वणव्यात 13 अग्निशामक मेले. सकाळी दहाचा नियम जायला 1978 उजाडलं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. रॉकी पर्वतांच्या कोरड्या, कमी उंचीच्या उतारांवर पाँडेरोसा पाइनची जंगलं आहेत. तिथे दर काही वर्षांनी जमिनीवरून हलकी आग फिरायची. विजेने लागायची, सेलिशसारखे मूळनिवासी समाजही मुद्दाम लावायचे. जाड सालीची मोठी झाडं वाचायची, खालचं झुडूप साफ व्हायचं. तिथे आग थांबवल्यावर खाली रोपट्यांची गर्दी झाली आणि आता आग लागली की ती शिडी चढून शेंड्यावर जाते. या जंगलाबद्दल तुमच्या वर्गात सांगितलेलं शंभर टक्के बरोबर आहे.

पण 1910 ला जळालेलं सीडर, हेमलॉक, पांढऱ्या पाइनचं ओलं जंगल वेगळं. तिथे आग शंभर, दोनशे वर्षांतून एकदा येते आणि आली की सगळंच घेऊन जाते. तो त्या जंगलाचा जुना रिवाज आहे. तिथे पाच-पन्नास वर्षं आग विझवली म्हणून जळण फार वाढत नाही. 1910 चा वणवा तर विझवण्याच्या धोरणाच्या आधीचा, म्हणजे त्याचा दोष त्या धोरणावर घालताच येत नाही. चूक झाली ती या ओल्या जंगलात घेतलेल्या अनुभवावरून कोरड्या जंगलासाठीही तोच नियम केला तेव्हा. एका मुलखाची भीती सगळ्या देशाचा कायदा झाली.

जळालेल्या मुलखाचं पुढे काय झालं? काही उतारांवर पुन्हा आग येऊन रोपंही गेली आणि तिथे झुडपं माजली. क्लिअरवॉटरच्या खोऱ्यात त्या झुडपांवर एल्क हरणांचे कळप वाढले. हॉगनची सॅव्हनॅक रोपवाटिका जळून पुन्हा उभी राहिली आणि तिथून वर्षानुवर्षं रोपं डोंगरात गेली. पांढरा पाइन बऱ्याच ठिकाणी आपोआपही उगवला. पण त्याच 1910 साली फ्रान्सहून आलेल्या रोपांबरोबर व्हँकुव्हर बंदरात एक बुरशी उतरली, ब्लिस्टर रस्ट. आगीतून पुन्हा उगवलेल्या कोवळ्या पाइनला तिने गाठलं. तिचं निम्मं आयुष्य रानटी करंट आणि गूसबेरीच्या झुडपांवर जातं, म्हणून मजुरांच्या फौजा लावून ती झुडपं उपटली, तरी उपयोग झाला नाही. आज त्या भागात जुना पांढरा पाइन फार थोडा उरलाय आणि त्यात आगीपेक्षा बुरशीचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे वळायचं तर एक खरा दुवा आहे. पिंचो तरुणपणी युरोपात शिकायला गेला तेव्हा त्याला वाट दाखवली डिट्रिख ब्रँडिसने, म्हणजे भारताच्या पहिल्या वन महानिरीक्षकाने. आणि भारतात आग रोखण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला तो नागपूरहून कारभार चालणाऱ्या मध्य प्रांतातच, 1860 च्या दशकात, पिअर्सन या वनाधिकाऱ्याने बोरीच्या सागवनात केलेला. तो यशस्वी झाला आणि देशभर संरक्षण सुरू झालं. पण 1890 च्या दशकातच ब्रह्मदेशातले वनाधिकारी तक्रार करू लागले, की आग पूर्ण बंद केल्यावर ओल्या जंगलात सागाचं रोप उगवत नाही, बांबू आणि इतर झाडी ते दाबून टाकते. साल वृक्षाच्या ओल्या जंगलातही तेच दिसलं. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रह्मदेशात सागाच्या जंगलांतलं हे सक्तीचं संरक्षण सैल होऊ लागलं. म्हणजे कॉखने 1935 ला जे मांडलं, त्या जातीचा वाद आपल्या उपखंडात त्याच्या जवळपास चाळीस वर्षं आधीच सुरू झाला होता.

म्हणून अमेरिकेचा "आग हवी" हा नवा धडा उचलून मेळघाटात किंवा गडचिरोलीत लावू नका, जसा त्यांचा "आग नको" हा जुना धडाही लावायचा नव्हता. आपल्या कोरड्या पानगळीत शेंड्यावरची आग जवळपास नाहीच. आग पानांची, गुडघा-कंबरेएवढी, आणि लावणारा हात माणसाचा. मोहाखाली फुलं वेचायला जागा साफ करायची असते, तेंदूला नवी पालवी हवी असते. इथला त्रास वर्षाआड नव्हे तर दरवर्षी त्याच तुकड्यात आग येण्याचा आहे. मोठी झाडं उभी राहतात, रोपं दरवर्षी मरतात आणि वीस वर्षांनी कळतं की खाली वारसच नाही.

तुम्ही प्रकल्प करणार असाल तर एखाद्या परिक्षेत्राची कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या कामाचा आराखडा, घ्या आणि कक्षवार (कक्ष म्हणजे जंगलाचा आखलेला तुकडा) गेल्या दहा वर्षांचे आगीचे नकाशे एकावर एक ठेवून पाहा. एकाच कक्षात किती वेळा आग आली आणि तिथे पुनरुत्पत्ती, म्हणजे नवी रोपं, किती आहे, हे दोन आकडे शेजारी मांडा. जाळरेषा 15 फेब्रुवारीच्या आत जाळून झाल्या होत्या का, की नुसत्या कागदावर होत्या, हे वनरक्षकाला विचारा. आणि हंगामी फायर वॉचर भाजला तर त्याच्या उपचाराचे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून आणि किती दिवसांत मिळतात, तेही त्याच्याकडूनच लिहून घ्या.